१२३४५६७८९८७६५४३२१ आणि डोंबिवली स्टेशन

चौकटीची वही (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

आठवडाभर आमच्या घरात एकाच संख्येचा विषय चालू आहे, म्हणून म्हटलं इथे धागा काढावा.

लेक सहावीत आहे. वर्गात बाईंनी ११ चा वर्ग १२१ आणि १११ चा वर्ग १२३२१ असं फळ्यावर लिहून दाखवलं. घरी आल्या आल्या दप्तर फेकून ही कॅल्क्युलेटर घेऊन बसली. चार एकांचा वर्ग १२३४३२१ आला. पाच एकांना आमच्या आठ आकडी कॅल्क्युलेटरने मान टाकली. "फोनवर करू का?" म्हणाली. मी म्हटलं, हातानेच कर की, एकाचाच तर पाढा आहे.

मग चौकटीची वही आडवी धरली. वर नऊ एक लिहिले. खाली नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. तीन एकांचं असं दिसतं:

........१११
......१११०
....१११००
-----------
....१२३२१

नऊ एकांचं हेच केलं की पानावर एकांची तिरकी पट्टी तयार होते. बेरीज करायची म्हणजे उभ्या रांगेत किती एक आहेत ते फक्त मोजायचं. अगदी उजवीकडे एक, मग दोन, मग तीन, असं चढत मधल्या रांगेत नऊ, आणि तिथून पुन्हा उतार. उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१. उलटं वाचा, सुलटं वाचा, सारखंच.

मी कौतुकाने बघत होते, पण खरी गोष्ट तिच्या लक्षात आली. म्हणाली, "आई, एवढ्या मोठ्या गुणाकारात हातचा एकदाही आला नाही."

त्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करते आहे. आणि शोधताना कळलं की अशा संख्यांना गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी 'डेम्लो' हे नाव दिलं होतं. डेम्लो म्हणजे आमचं डोंबिवली! मी रोज सकाळी ज्या फलाटावर उभी असते तिथल्या नावाची संख्या आहे आणि मला चाळिशीपर्यंत पत्ता नव्हता. जाणकारांनी अजून सांगावं.

ठाकुर्ली स्लो

धागा खूप आवडला. मीही त्याच मार्गावरचा. पण एक शंका: डेम्लो संख्या म्हणजे नुसते एक-एक-एक यांचे वर्ग, की त्याची वेगळी व्याख्या आहे? नेटवर दोन्ही प्रकारे लिहिलेलं दिसतं.

निवृत्त मास्तर

धागाकर्तीताई, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. हातचा आला नाही हे ज्या मुलीच्या डोळ्याला दिसलं तिला गणित येणार.

ठाकुर्ली स्लो, शंका योग्य आहे. कापरेकरांची व्याख्या वर्गाची नाही, ती जास्त मजेशीर आहे. संख्येचे तीन तुकडे करायचे: डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा सारख्या लांबीचे. त्या दोघांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा यायला हवा, आणि मधल्या तुकड्यातही तोच अंक हवा. उदाहरणार्थ १६५. डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, मध्येही ६. किंवा २५५३. दोन आणि तीन पाच, मध्ये पाच-पाच. यात वर्ग कुठेच नाही.

आता हीच व्याख्या आपल्या संख्येला लावा. डावा तुकडा १२३४५६७८, मध्ये ९, उजवा ८७६५४३२१. बेरीज करा:

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आठच्या आठ नऊ, आणि मध्ये नऊ उभाच आहे. १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतच्या नऊ संख्यांना कापरेकरांनी डेम्लोंमध्येही 'अद्भुत' म्हणून वेगळं काढलं होतं.

कापरेकरांविषयी थोडं. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. त्यानंतर १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. पुढची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संख्या. डोंबिवली तेव्हा जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवरचं मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. या संख्यांचा विचार तिथे सुरू झाला म्हणून नाव डेम्लो. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे जग त्यांना ओळखतं, मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर तर जास्तच. पण मला स्वतःला डेम्लो जास्त प्रिय आहेत. त्या शाळेतल्या बेरजेने तपासता येतात.

ठाकुर्ली स्लो

मास्तर, शतशः आभार. लोकलमध्ये उभ्या उभ्या १२३४३२१ तपासली. १२३ आणि ३२१, बेरीज ४४४, मध्ये ४. अंगावर काटा आला.

पाढेवाली

वा, काय सुंदर चर्चा! यात माझी एक जुनी आवडती संख्या जोडते: १२३४५६७९. नीट बघा, यात आठ नाही. लहानपणी आमच्या आजोबांनी शिकवली होती. तिला ९ ने गुणा, १११११११११. १८ ने गुणा, २२२२२२२२२. २७ ने, ३३३३३३३३३. आवडता अंक सांगायचा, त्याची नऊपट करायची आणि गुणायचं. मी वर्षानुवर्षं हे मुलांना जादू म्हणून दाखवलं, पण आठ कुठे गेला हे कधी विचारलं नव्हतं. तुमच्या लेकीच्या 'हातचा' या शब्दाने उत्तर मिळालं.

१ ला ८१ ने भागा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं नऊ-नऊ अंकांचं आवर्तन येतं. हा भागाकार म्हणजे खरं तर ०, १, २, ३, ४… हे अंक एकेका घरात मांडत जाणं आहे. सात, आठ, नऊ नीट बसतात. पुढच्या घरात दहा मांडायला जावं तर तिथे शून्य राहतं (नंतर अकराचा हातचा येऊन त्याचा एक होतो) आणि एक हातचा नऊकडे जातो. नऊचे होतात दहा, तिथेही शून्य, आणि त्याचा हातचा आठकडे. आठचा झाला नऊ. म्हणजे आठ हरवलेला नाही, दहाने ढकलल्यामुळे तो नऊ झालाय!

आता तुमची संख्या. तिच्यात आठ दोनदा आहे, सुखरूप. कारण ती नऊवर थांबते आणि मागे फिरते. दहा येतच नाही, त्यामुळे आठला धक्का लागत नाही.

आणि या दोघींचं नातंही सख्खं आहे:

१२३४५६७९ × ९९९९९९९९९ = १२३४५६७८९८७६५४३२१

पडताळायला सोपं. १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं लावा आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा. वजाबाकीत पहिल्या भागातून एक उसना घ्यावा लागतो, म्हणून ७९ चे ७८ होतात आणि हरवलेला आठ परत येतो. हे मी आज सकाळी पोळ्या लाटता लाटता मनात केलं आणि पोळी तव्यावर जळली, पण आनंद फार झाला.

कोडकरी, पुणे

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे वेगळ्या बाजूने सांगतो. ही संख्या संगणकावर सांभाळून वापरा. स्प्रेडशीटच्या रकान्यात पूर्ण टाइप केलीत तर ती साधारणपणे १२३४५६७८९८७६५४३०० अशी होते, कारण तिथे पंधराच सार्थ अंक टिकतात. शेवटचे २१ जातात.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलंत तर १२३४५६७८९८७६५४३२० म्हणेल. एकाने चूक. कारण नेहमीच्या दशांश संख्या साठवायला ५३ बिटं मिळतात, म्हणजे २ च्या ५३ व्या घातापर्यंत, ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्णांक नेमका साठवता येतो. त्याच्या पलीकडे दर दोन संख्यांमागे एकच जागा, फक्त समसंख्यांना. आपली संख्या विषम, आणि त्या मर्यादेच्या पुढची. ती बरोबर ...३२० आणि ...३२२ यांच्या मधोमध पडते, आणि नियमाप्रमाणे ...३२० कडे ढकलली जाते.

म्हणजे सहावीतल्या मुलीच्या वहीत जे बिनचूक उतरलं ते या यंत्राला विशेष तजवीज केल्याशिवाय जमत नाही. मी नवीन सहकाऱ्यांना हे समजावताना कायम कुठलीतरी रटाळ संख्या घेत असे. आता हीच घेईन, कारण शेवटचा एक गेला की उलटसुलट सारखेपणा मोडतो आणि चूक डोळ्याला लगेच दिसते.

जुन्या पोथ्या

उशिरा येतो आहे, पण राहवलं नाही.

पहिली गोष्ट वाचनाची. आजच्या बोलीत ही संख्या वाचायला गेलं की १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१ अशी कोटींवर कोटी चढते. पण भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत दहाच्या पटीतल्या अठरा स्थानांची नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. त्या नावांनी आपली संख्या मोठ्याने वाचून पाहा:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

प्रत्येक घराला स्वतःचं नाव, कुठेही अडखळायला होत नाही. चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे, ज्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचं कोरलंय, तिथे मी दोनदा जाऊन आलोय. पुढच्या वेळी तिथे उभं राहून ही संख्या म्हणणार आहे.

दुसरी गोष्ट अजून जुनी. महावीराचार्य, नवव्या शतकातले जैन गणिती, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. त्यांच्या गणितसारसंग्रहात गुणाकाराची अशी उदाहरणं आहेत की उत्तर गळ्यातल्या माळेसारखं दोन्हीकडून सारखं यावं. पाढेवालीताई, तुमची १२३४५६७९ गुणिले ९ त्यात आहे! आणि हेही आहे:

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या, म्हणजे सहा एकांचा वर्ग. धागाकर्तीताईंची संख्या याच माळेतली, तीन मणी पुढची. गंमत म्हणजे ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. एका वर्गाचे दोन वर्गांत तुकडे करून त्यांनी विद्यार्थ्यापुढे ठेवले. ज्याने हे उदाहरण बेतलं त्याला आकड्यांचं केवढं प्रेम असेल!

तुळशीवृंदावन

सर्वांचे प्रतिसाद वाचून मन भरून आलं. मला गणितातलं फार कळत नाही. पण अशा संख्या बघितल्या की वाटतं हा विश्वाचा काही संकेत असावा. आमच्या ग्रूपवरही ही संख्या दैवी म्हणून आली होती.

निवृत्त मास्तर

तुळशीवृंदावनताई, तुमचं मन भरून आलं हे मला फार मोलाचं वाटतं, माझंही येतं. तरी एक सांगतो. ही शोभा आपण दहा अंकांनी मोजतो म्हणून नऊ एकांपर्यंत टिकते. आठच अंकांनी, ० ते ७ नी मोजणारे लोक असते, तर त्यांची माळ १२३४५६७६५४३२१ ला संपली असती. संगणकासारखी दोनच अंकांची पद्धत असती तर दुसऱ्याच एकाला हातचा येतो: ११ गुणिले ११ तिथे १००१ होतात. म्हणजे आपल्या बोटांची संख्या या उत्तरात उतरली आहे. मला हे कळल्यावर ती संख्या जास्त आपली वाटायला लागली.

आणि जे दहा बोटांवर अवलंबून नाही तेही सांगतो. तिचे मूळ अवयव: १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्यामुळे आपल्या संख्येत चार तीन, दोन ३७ आणि दोन ३३३६६७. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. ही संख्या कुठल्याही पद्धतीत लिहा, हे बदलणार नाही. (३३३६६७ ही मूळ संख्या एकदा निवांत पाहा. आपल्या दहा अंकांच्या पद्धतीत १ ला तिने भागलं की बरोबर नऊ घरांचं आवर्तन येतं: ०००००२९९७. नऊ घरांचं आवर्तन देणारी मूळ संख्या ही एकटीच.)

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' म्हणजे आनंद देणाऱ्या हे नावही कापरेकरांचंच.

तुळशीवृंदावन

मास्तर, बोटांचं पटलं. धन्यवाद. हे ग्रूपवर टाकते.

ठाकुर्ली स्लो

मग दहा एकांचं काय होतं? नऊवरच का थांबलो आपण सगळे?

चौकटीची वही

तुमचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला आणि लेकीने वही उघडली. दहा ओळी. मधल्या रांगेत दहा एक आले आणि ती थबकली. शून्य लिहिलं, एक हातचा. डावीकडच्या रांगेत नऊ आणि हातचा एक, पुन्हा दहा, पुन्हा शून्य. त्याच्या डावीकडे आठ आणि एक नऊ. उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

पाढेवालीताई, तुमचा आठ इथे आमच्या डोळ्यांसमोर नऊ झाला! आणि हे एकोणीस अंक झाले, म्हणजे लीलावतीच्या अठरा नावांतही मावत नाहीत.

अजून एक तिने शोधलं, ते मी नुसतं लिहून काढते. नऊ एकांच्या वेळी वहीत ९ × ९ = ८१ एक लिहिले होते आणि उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१. एकही एक वाया गेला नाही. दहाच्या वेळी १०० एक लिहिले, पण अंकांची बेरीज ८२. अठरा कुठे गेले? हातचा दोनदा आला. दर हातच्याला दहा जातात आणि एक परत येतो, म्हणजे नऊची तूट. दोनदा नऊ, अठरा. हा हिशेब जुळला तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात उड्या मारत होतो.

पण मास्तर, ही डेम्लो नाही ना? डावा १२३४५६७९०, मध्ये ०, उजवा ९८७६५४३२१. बेरीज ११११११११११ येते. सगळे एक आहेत खरे, पण नऊ घरांत दहा एक झाले, आणि मध्ये एक हवा तिथे शून्य.

निवृत्त मास्तर

नाही, ही डेम्लो नाही. म्हणूनच सगळ्या एकांच्या वर्गांना सरसकट डेम्लो म्हणणं चूक. पण इथे थांबू नका, अकरा एक करून बघा.

चौकटीची वही

केले. १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. उलटसुलट सारखेपणा तर मोडलेला, आम्हाला वाटलं संपलं. तरी तुमच्या शब्दाखातर तुकडे केले. डावा १२३४५६७९०१, मध्ये २, उजवा ०९८७६५४३२१. बेरीज:

२२२२२२२२२२

मध्ये दोन, बेरजेत दहा दोन. माळ तुटलेली दिसते, पण कापरेकरांच्या व्याख्येने अजून अखंड आहे. बारा एकांना मध्ये ३ आणि बेरजेत सगळे तीन. मास्तर, तुम्ही आधीच सांगितलं नाहीत याबद्दल मनापासून आभार.

पाढेवाली

मी पुढे कागदावर नेलं. अठरा एकांना मध्ये पुन्हा ९ येतो:

१२३४५६७९०१२३४५६७८ + ८७६५४३२०९८७६५४३२१ = ९९९९९९९९९९९९९९९९९

सतरा नऊ. आणि एकोणीस एकांना पुन्हा दहासारखंच बिनसतं: मध्ये शून्य, बेरीज एकोणीस एकांची, घरं मात्र अठरा.

निवृत्त मास्तर

बरोबर. १०, १९, २८… एकांची संख्या नऊने भागून बाकी एक उरली की ती डेम्लो राहत नाही. फक्त पहिला एकटा १ त्याला अपवाद.

चौकटीची वही

लेकीला २८ स्वतः तपासायचे आहेत. तुमच्या शब्दावर विश्वास आहे, पण बघायचं आहे म्हणते. उत्तराला पंचावन्न घरं लागतील, पान आडवं धरूनही पुरत नाही. तीन पानं कडेला कडा लावून चिकटवून ठेवली आहेत, वर अठ्ठावीस एक लिहून झाले. रविवारी बसतो. झालं की फोटो टाकते.